प्रदर्शनातील स्टॉलचे ड्रॉइंग कसे काढावे

जळगाव-धुळ्याकडे कृषी प्रदर्शने भरू लागली की आयटीआयमधून ड्राफ्ट्समन (सिव्हिल) झालेल्या मुलांकडे स्टॉलच्या ड्रॉइंगचे काम येते. इमारतीच्या बांधकामात शंका विचारायला उसंत असते. स्टॉल मात्र बहुधा एका रात्रीत उभा राहतो. त्यामुळे मिस्त्रीला रात्री फोन करावा लागणार नाही इतके स्पष्ट ड्रॉइंग द्यावे.

सर्वांत आधी मापांचा मेळ घालावा. आयोजक जागा मीटरमध्ये देतात, तर आपले सुतार फूट, इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काम करतात. ३ मीटरचा स्टॉल बोलण्यात सहज ‘दहा फुटी’ होतो. पण १० फूट म्हणजे ३०४८ मिमी, आणि स्टॉलच्या तयार सांगाड्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांमुळे आतली मोकळी जागा ३ मीटरपेक्षाही थोडी कमी भरते. दहा फुटांची पाठभिंत करून नेली, तर ती जागेवर कापावीच लागते. म्हणून प्रत्यक्ष मोकळे माप आयोजकांकडून लेखी मागवावे आणि प्रत्येक माप मिमी व फूट-इंच अशा दोन्ही प्रकारे लिहावे. प्लायचा ताव ८ × ४ फुटांचा, म्हणजे सुमारे २४४० × १२२० मिमी असतो. या खांबांमध्ये बसणाऱ्या भिंतीच्या पॅनेलची उंची साधारण २.५ मीटर धरली जाते. प्लायच्या वर उरणारी सुमारे ६० मिमीची पट्टी कशाने झाकायची, हेही ड्रॉइंगमध्येच ठरवावे.

प्लॅन आणि दर्शनी बाजू १:२० प्रमाणात काढाव्यात. छेद (स्टॉल उभा कापल्यावर आतून कसा दिसेल ते चित्र) मात्र टाळू नये, कारण वजन कशावर तोलले आहे हे छेदातच कळते. केळीचा घड टांगायचा असेल, तर तो २५ किलो किंवा त्याहूनही जड असू शकतो, आणि पॅनेलच्या पातळ भिंतीवर तो भार कधीही देऊ नये. त्यासाठी जमिनीपासून उभी राहणारी स्वतंत्र लाकडी चौकट दाखवून तिच्या आडव्या दांड्याची जाडी, हुकाची जागा आणि घडाचे वजन तिथेच लिहावे. ठिबकचे प्रात्यक्षिक असल्यास पाण्याची नळी एका बाजूला आणि विजेचे पॉइंट तिच्या विरुद्ध बाजूला, जमिनीपासून वर घ्यावेत.

माहितीफलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५० मिमीवर ठेवल्यास उभ्याने वाचणे सोपे जाते. जमिनीवरून उचललेला ओटा शक्यतो करूच नये, असे माझे ठाम मत आहे: १०० मिमी उंचीलासुद्धा १:१२ उताराने १.२ मीटर रॅम्प लागतो, म्हणजे लहान स्टॉलची बरीच जागा त्यातच जाते, आणि रॅम्प न केल्यास वयस्क शेतकरी बाहेरूनच परततात.

ए३ कागदावर प्रिंट काढून प्रत्येक प्रतीवर दुरुस्तीचा क्रमांक व तारीख टाकावी, आणि मिस्त्रीकडची जुनी प्रत परत घेऊनच नवी त्याच्या हाती द्यावी.