विश्वास डळमळतोय? चर्च सोडायच्या आधी एवढं करून बघा

आपल्याकडे चर्चमधे कोणी "मला शंका येतात" म्हणलं की दोनच उत्तरं मिळतात, "प्रार्थना कर" नाहीतर "सैतानाचं काम आहे", मग ते पोरगं परत तोंड उघडत नाही, हळूहळू रविवारी यायचंच बंद होतं आणि सगळे म्हणतात पुण्याला गेलं आणि बिघडलं. अहो बिघडलं वगैरे काही नाही, शंका इथे सोलापुरातच होती, विचारायला कोणी नव्हतं.

तर पहिलं काम, शंका नक्की कसली ते बघा. वहीच्या मागच्या पानावर एका वाक्यात लिहा. "देव आहे का" असं मोठं नको, नेमकं लिहा. "चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत) पुनरुत्थानाच्या, म्हणजे तो परत जिवंत झाला त्या सकाळचे तपशील वेगवेगळे का?" ही डोक्यातली शंका. "एवढी प्रार्थना केली तरी आई गेली" हे दुःख आहे. आणि "कमिटीच्या इलेक्शनला ज्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली तेच रविवारी प्रीतीवर बोलतात" हा माणसांवरचा राग आहे, देवावरचा नाही, पण आपण सगळं एकाच पिशवीत भरतो आणि म्हणतो माझा विश्वास गेला.

डोक्यातल्या शंकेला वाचन लागतं. पंडिता रमाबाईंनी 1883 मधे इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) तिथल्या मठातल्या सिस्टरशी पत्रांतून चांगलाच वाद घातला, मान डोलावून गप्प बसल्या नाहीत, आणि पुढे याच बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं पण बघा, नवऱ्याचा (कवी ना. वा. टिळकांचा) बाप्तिस्मा 1895 चा, त्यांचा स्वतःचा 1900 चा. मधला काही काळ त्या आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरात होत्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लगेच मागून गेल्या नाहीत, स्वतःला पटेपर्यंत थांबल्या. म्हणून यूट्यूबच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवर विश्वास सोडू पण नका आणि तसल्याच दुसऱ्या व्हिडिओवर परत धरू पण नका. एक प्रश्न घ्या, दोन्ही बाजू वाचा, महिनाभर लागला तर लागू द्या.

दुःखाची गोष्ट वेगळी. तिथे पुरावे देत बसू नये, आणि मयताच्या घरी चहाचा कप हातात घेऊन "विश्वास कमी पडला असेल" म्हणणाऱ्याला तर मी सरळ उठवीन. अशा वेळी बायबलमधलं स्तोत्र 13 उघडा, सुरुवातच "हे परमेश्वरा, किती वेळ" अशी आहे. स्तोत्र 88 त्याहून कडक, त्यात शेवटपर्यंत उजेड येतच नाही, अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे देवाशी भांडायला परवानगी आहे. मोठी प्रार्थना सुचत नसेल तर मार्कच्या नवव्या अध्यायातल्या त्या आजारी पोराच्या बापाचं वाक्य पुरे, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. रात्री झोपताना एवढंच म्हणा आणि झोपा.

आणि झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, जगावंसंच वाटत नसेल तर ते फक्त शंकेवर ढकलू नका, डॉक्टरकडे जा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. डॉक्टरकडे गेलं म्हणजे विश्वास कमी, असलं काही नसतंय.

आता मुख्य मुद्दा, शंकेच्या काळात मंडळीतून, म्हणजे चर्चच्या माणसांतून, उठून जाऊ नका. येशूचा शिष्य थोमा, त्याला आपण कायम "संशयी" म्हणून हिणवतो पण योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय नीट वाचा, बाकीचे शिष्य म्हणत होते आम्ही परत जिवंत झालेल्या प्रभूला पाहिलं, हा म्हणत होता खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, आणि तरीही आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला आहे. त्यानं सोडलं नाही आणि त्यांनी हाकललं नाही. प्रभू आला तेव्हा घरात होता म्हणून भेट झाली ना! मे महिन्यात उन्हानं जीव जातो, चर्चमधे पंखा नुसता गरम हवा फिरवतो, मान्य, पण मागच्या बाकावर का होईना बसा. गीत म्हणवत नसेल तर बाकीचे म्हणतात ते ऐका. संडे स्कूलला शिकवत असाल आणि जड जात असेल तर थोडे दिवस सुट्टी मागा, त्याऐवजी खुर्च्या लावा, आजारी माणसाला डबा द्या, हात चालू ठेवा.

सांगायचं कोणाला? सगळ्या मंडळीला नको, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको, संध्याकाळपर्यंत मावशी-काकूंपासून सगळ्यांना कळतंय. एक माणूस निवडा, पाळकच (चर्चचे धर्मगुरूच) पाहिजेत असं नाही, एखादे रिटायर्ड गुरुजी असतात, एखादी आजी असते जिनं लई काही सोसलंय. घरी बोलवण्यापेक्षा सोलापुरातल्या कंबर तलावाला एक चक्कर मारा, चालता चालता माणूस जास्त खरं बोलतं. सुरुवातीलाच सांगा, "मला उत्तर नकोय, आधी ऐकून घ्या." मधेच उपदेश सुरू झाला तर दुसरं माणूस बघा.