एका धयकाल्याचे तीन कॅमेरे

कुडाळकडच्या आमच्या गावात जत्रेला रात्रभर धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक असतं. त्याची अर्ध्या तासाची फिल्म करायची एवढंच ठरवलं होतं. हाताशी मुंबईच्या काकांनी 1996 साली काढलेल्या दोन व्हीएचएस कॅसेट, 2005 ची एक मिनीडीव्ही (छोटी डिजिटल) टेप आणि गेल्या वर्षीचं माझं मोबाइलवरचं शूटिंग. एका कॅसेटमध्ये आजोबा राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करतायत. तिन्ही वर्षांचं जोडलं की झालं, असं वाटलेलं. अकरा रात्री घालवल्या आणि मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसलो.

पहिली गाठ बुरशीशी पडली. माळ्यावरच्या ट्रंकेत इतके पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून आधी नीट बघा. रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटचीही वाट लागते. आमची एक तशी निघाली, ती बाजूला ठेवली. दुसरी बाजारातल्या एका दुकानात डीव्हीडी करायला दिली. त्यांनी जुन्या टीव्हीच्या आकाराचं 4:3 चं चित्र ताणून रुंद 16:9 करून दिलं. काकी बघून म्हणाली, "मेल्या, हो तुझो आजो न्हय!" आजोबा पार पिंपासारखे दिसत होते. शेवटी व्हीसीआर मागून आणला, व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं एक कॅप्चर कार्ड घेतलं आणि घरीच उतरवून घेतलं. फाइल 720 बाय 576 ची येते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. चौरस पिक्सेलच्या हिशेबात ते चित्र 768 बाय 576 चं. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू दे, माणसं तरी ओळखू येतात.

मिनीडीव्हीने त्रास दिला नाही. तासाला साधारण 13 जीबी जागा खाते, तेवढी डिस्क मोकळी ठेवा. आणि दुसऱ्या डिस्कवर एक प्रत हवीच, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

माझ्या अकरा रात्री बुडाल्या त्या फ्रेमरेटपायी. आपल्याकडची व्हीएचएस आणि मिनीडीव्ही सेकंदाला 25 फ्रेमची. त्यातली प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डची असते, म्हणून राक्षसाची तलवार फिरली की कडेला फणीचे दात दिसतात. ते डीइंटरलेस करून, म्हणजे दोन फील्डची सलग फ्रेम करून घालवावे लागतात. मोबाइल म्हणायला 30 चा, पण उजेड कमी झाला की मधेच 27, मधेच 24 असा स्वतःच्या मनाने चालतो. मी ती फाइल तशीच टाइमलाइनवर टाकली. सुरुवातीला सगळं जुळलेलं. विसाव्या मिनिटाला मृदंगावर हात पडतोय आधी आणि थाप ऐकू येतेय नंतर. म्हणून मोबाइलचं फुटेज कापायला घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ठरावीक फ्रेमरेटचं करून घ्या. मी एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतो. तिच्यात एकदा फुटेज टाकलं की प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलता येत नाही, तेव्हा 25 आधीच लावून ठेवा. नवीन शूटिंग करणार असाल तर मोबाइलही 25 वर आणि शटर 1/50 सेकंदावर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मंडपातली ट्यूबलाइट लुकलुकत नाही.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. कॅसेट चकचकीत करायला जाऊ नये, मोबाइललाच खाली उतरवावं. त्याचा शार्पनेस कमी केला, रंग थोडे फिके केले आणि तिन्हीकडे भटजीचं धोतर सारखं पांढरं दिसेपर्यंत हात चालवला. चेहऱ्यांना रंग फासलेला, त्यामुळे कातडीच्या रंगावर भरवसा ठेवता येत नव्हता. धोतर मात्र तिन्ही साली होतं.

चित्रं मात्र खरी सांधली आवाजाने. गेल्या वर्षीची पायपेटी, मृदंग, झांज सलग खाली अंथरली आणि वर तिन्ही वर्षांचे शॉट ठेवले. ओठ दिसणार नाहीत असे, पावलांचे, हातांचे, लांबचे. 1996 वरून गेल्या वर्षावर उडी मारली तरी डोळ्याला खटकत नाही. सांध्यांखाली घालायला देवळामागचे दोन मिनिटं नुसते रातकिडे रेकॉर्ड करून आणले होते, त्यांचाही फार उपयोग झाला.

ऑनलाइन टाकण्याआधी दशावतारी नाटक कंपनीच्या मालकांना विचारलं. त्यांची अट एकच, आधी देवळात दाखव. मांडवात चादर लावून दाखवली. आजोबांच्या प्रवेशाला सगळे गप्प. तेवढ्यात तेव्हाचे मृदंगवाले मागून ओरडले, "ही थाप माझी न्हय!"

खरंच नव्हती. घरी येऊन त्या वीस सेकंदांपुरता कॅसेटचा आवाज परत बसवला. 50 हर्ट्झची घरघर थोडी कापली, उरलेली तशीच ठेवली.