रेपो दर बदलला की आपल्या गृहकर्जाचे काय करावे?

रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी रेपो दराचा, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पकाळ कर्ज देते त्या दराचा, निर्णय जाहीर करते. बातमी सगळ्यांना एकच असते, पण ती तुमच्या हप्त्यापर्यंत कधी आणि किती पोहोचेल हे तुमच्या करारावर ठरते. म्हणून आधी कर्जाचे मंजुरीपत्र काढा.

१. कर्ज कशाशी जोडले आहे ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी (बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी), बहुतेकदा रेपोशी, जोडलेली असतात. त्याआधीचे कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर, असू शकते. तिथे कपात उशिरा आणि अर्धवट पोहोचते. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. जुने बँक कर्ज असेल तर रेपोशी जोडलेल्या दरावर नेण्यासाठी लेखी अर्ज करा. थोडे शुल्क पडू शकते.

२. रिसेटची, म्हणजे व्याजदर नव्याने ठरण्याची, तारीख आणि रेपोवर बँकेने लावलेला स्प्रेड (रेपोच्या वरची जादा टक्केवारी) टिपून ठेवा. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा व्याजदर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावाच लागतो, त्यामुळे कपातीच्या दुसऱ्याच दिवशी हप्ता उतरेल असे समजू नका. नव्या ग्राहकांना कमी स्प्रेड मिळत असेल तर तो मागा. नकार आला तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा खर्च काढा.

३. दर उतरला तर हप्ता तसाच ठेवा आणि मुदत कमी करून घ्या. सगळ्यात मोठी बचत इथेच होते. ५० लाख रुपये, २० वर्षे, ९ टक्के असा हिशोब धरला तर हप्ता सुमारे ४४,९८६ रुपये येतो. दर ८.५ टक्के झाल्यावर हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला साधारण १,६०० रुपये, म्हणजे पूर्ण मुदतीत पावणेचार लाखांच्या आसपास वाचतात. तोच जुना हप्ता चालू ठेवला तर कर्ज सुमारे २० महिने आधी फिटते आणि बचत नऊ लाखांवर जाते.

४. दर वाढला तर उलटा धोका असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. तेवढीच वाढ ७ टक्क्यांच्या नव्या ५० लाखांच्या कर्जावर लावून पाहा: हप्ता ३८,७६५ रुपये, पण ९.५ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच ३९,५८३ रुपये. अशा वेळी मुदत कितीही लांबवली तरी मुद्दल फिटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमांनुसार हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे. परवडेल तेवढा हप्ता वाढवाच. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, म्हणून हाती आलेली रक्कम मुद्दलात भरा.

५. पुढचा अंदाज घ्यायचा तर दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येणारा किरकोळ महागाईचा आकडा बघा. रेपो ठरवताना रिझर्व्ह बँक याच आकड्याकडे बघते; महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा. भाजीपाला महागल्याने एका महिन्यात आकडा उसळला म्हणून दर लगेच वाढत नाही. सलग काही महिन्यांचा कल महत्त्वाचा.

६. नवे घर घेणार असाल तर सरकारी सवलतीची अधिसूचना स्वतः वाचा. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले, तेव्हा ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरलेल्यांना दस्त नोंदणीसाठी पुढे चार महिने मिळत होते. हे माहीत नसलेल्यांची शेवटच्या आठवड्यात विनाकारण धावपळ झाली. मात्र सवलत मिळतेय म्हणून घराची किंमत चढवलेली नाही ना, हे सही करण्याआधी आजूबाजूच्या अलीकडच्या व्यवहारांशी ताडून पाहा.