परिसंस्था शिकायची तर पडीक रानापासून

प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राला नव्याने प्रवेश घेतलेली खान्देशातली मुलं भेटली की विचारतात, प्रकल्पासाठी ताडोबाला जाऊ की मेळघाटात? मी सांगतो, आधी गावाजवळचं एखादं पडीक शेत शोधा. मी चोपडा तालुक्यातल्या अशाच एका तुकड्यावर शिकलो. सजीवांची नाती समजायला तिथे वर्षभर, सगळ्या ऋतूंत जाता येतं आणि खर्च फक्त सुतळी-खुंट्यांचा.

नांगर थांबला की पहिल्या पावसाळ्यात टाकळा आणि गाजरगवत माजतं. पुढे कुसळी गवत जमिनीचा ताबा घेतं, त्यामागे शेळ्या येतात. बाभळीच्या शेंगा खाऊन आलेल्या या शेळ्यांकडून बी रानभर पसरतं. बोरं पक्षी आणि कोल्हे पसरवतात. काही वर्षांनी बघा, कडुनिंबाची रोपं मोकळ्या जागेत क्वचित, पण बाभळी-बोरींच्या खाली हमखास दिसतात. का? निंबोळ्या खाऊन बुलबुल, साळुंक्या त्या फांद्यांवर बसतात आणि बी खाली पडतं. शिवाय बोरीच्या काट्यात शेळीचं तोंड सहज शिरत नाही, त्यामुळे आतलं रोप वाचतं. म्हणजे एका झाडाने दुसऱ्याला जागा करून दिली, आणि त्यात पक्षी, शेळी, काटा सगळ्यांचा वाटा आहे. पुस्तकात ज्याला अनुक्रमण म्हणतात ते हेच. मला हा विषय इथे पहिल्यांदा खरा वाटला.

त्याच गाजरगवतावर पावसाळ्यात पांढुरके, तपकिरी नागमोडी रेघांचे भुंगे दिसतील. मेक्सिकोहून आणलेले हे भुंगे 1984 च्या सुमारास बंगळुरूला सोडले गेले. ते पानांची चाळण करतात. पण पाऊस सरला की ते जमिनीत शिरून सुप्त राहतात आणि उशिरा उगवलेलं गाजरगवत सुटतं. म्हणून एकदाच जाऊन काढलेला निष्कर्ष मी मानत नाही. एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखा, जागा पक्की करा, दर ऋतूत त्याच बिंदूवरून फोटो काढा. भुंगा दिसला नाही तर वहीत शून्य लिहा. रिकामी सोडलेली ओळ आणि शून्य, यात फार फरक आहे.

बदल किती वेगाने होतो हे पाहायचं असेल तर कापसाच्या शेतात जा. बीटी कापसाला, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून बोंडअळीला मारक विष झाडातच तयार होणाऱ्या कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली, अशा दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये आलं, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने त्यालाही दाद दिली नाही. ही अळी जवळजवळ पूर्णपणे कापसावरच जगते. त्यात सभोवती बिगर-बीटीच्या आश्रयओळी (विष न पचवणाऱ्या अळ्याही टिकाव्यात म्हणून लावायच्या साध्या कापसाच्या ओळी) फारशा लागल्या नाहीत, फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक, उन्हाळ्यापर्यंत ठेवली गेली, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या बागायती लागवडीमुळे पतंगांना लवकर अन्न मिळालं. विष पचवणाऱ्या अळ्याच मागे उरल्या आणि त्यांचीच पिढी वाढली. ही उत्क्रांतीच आहे, तीही आपल्या डोळ्यांदेखत. शेतकऱ्याला विचारून कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा) लावा, रोजचे पतंग मोजा, डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमललेली गुलाबासारखी फुलं, तपासा. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग ही नुकसानीची पातळी धरतात, आणि तुमची नोंद शेतकऱ्यालाही उपयोगी पडते. मला या कामाचं सर्वात जास्त समाधान इथेच मिळालं.

सातपुड्यात नंतर जाच. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कुणाला सापडलं नव्हतं, ते 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. दिवसाउजेडी सरडे धरणारा हा पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो, त्यामुळे त्याचा अभ्यास म्हणजे त्या झाडांचाही अभ्यास. तिथल्या पावरा आणि भिल्ल मंडळींकडून झाडांची नावं शिका. कोणतं झाड कधी फुलतं, त्यावर कोण येतं, हे त्यांना पाठ असतं.

पुढच्या वाटेबद्दल थोडक्यात: गेट परीक्षेत इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा स्वतंत्र पेपर असतो, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची एमएस्सी होते, एमपीएससीतून वनसेवेतही जाता येतं. यावल अभयारण्यात काम करायचं असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. अर्ज उन्हाळ्याआधी द्या, कारण पहिल्या पावसाच्या नोंदी हुकल्या तर त्या पुढच्या वर्षीच मिळतात.