माझुंतेची संध्याकाळ कशी घालवावी

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या माझुंते गावात सूर्यास्त पाहायचा तो पुंता कोमेता या टेकाडावरून. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या. गावातून पायवाटेने अर्धा तास धरा आणि तासभर आधीच निघा. सूर्य बुडाला की लोक लगेच उठतात. तुम्ही बसून राहा. खरा रंग त्यानंतर पंधरा मिनिटांनी चढतो. मात्र उष्ण कटिबंधात संधिप्रकाश जेमतेम पंचवीस मिनिटे टिकतो, म्हणून टॉर्च हवीच. वाट खडकाळ आहे, चप्पल सटकते. पट्ट्याचे सँडल घाला. कड्याखालच्या खडकांवर उतरू नका, लाट अचानक उंच येते.

एखादी संध्याकाळ कासवांसाठी ठेवा. त्याच किनारपट्टीवरच्या पुएर्तो एस्कोन्दिदो शहरात, बाकोचो किनाऱ्यावर पिल्ले समुद्रात सोडतात. पिल्लू नारळाच्या करवंटीत मिळते. हाताला सनस्क्रीन किंवा डासांचे मलम असते, म्हणून त्याला स्पर्श करायचा नाही. करवंटी पाण्यापासून थोडी दूर, वाळूवरच रिकामी करा, चालणे त्याचे त्याला करू द्या. फ्लॅश बंद. पिल्ले उजेडाच्या रोखाने जातात, त्यामुळे तुमचा मोबाइल त्यांना उलट दिशेला ओढतो.

पुएर्तो एस्कोन्दिदोजवळच्या मानियाल्तेपेकच्या खाजणात रात्री पाणी हलवले की निळसर चमकते. ही चमक सूक्ष्मजीवांची. चांदण्यात ती फिकी पडते. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा, आणि जोरदार पावसानंतर जाऊ नका. नाववाल्यासाठी सुटे पेसो जवळ असू द्या.