दहा-अकरा फोनच्या ऑफिसात आयपी-पीबीएक्स बसवताना

ईपीएबीएक्स (ऑफिसातलं जुन्या पद्धतीचं टेलिफोन एक्स्चेंज) बसवणाऱ्याला क्रोन मॉड्यूल (टेलिफोनच्या तारा खोचून जोडायची पट्टी), तारांच्या जोड्या, मल्टिमीटर, टेस्ट फोन हे सगळं हातचं असतं. आयपी-पीबीएक्स म्हणजे तेच एक्स्चेंज, पण कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारं. ते शिकताना यातलं काहीच वाया जात नाही. फरक एवढाच, की फोनची तक्रार आता बहुतेक वेळा फोनची नसते. ती स्विचची, रूटरची, केबलची किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनची असते. म्हणून निम्मं काम खोकं उघडण्याआधी उरकायचं.

उदाहरणाला पुण्यातलं एक ट्रान्सपोर्ट ऑफिस घेऊ. आठ टेबलं, एक रिसेप्शन, मागे गोदाम आणि १४० मीटरवर गेट. बाहेरच्या दोन लाइन: एक जुनी तांब्याची, एक एफटीटीएचच्या (फायबरच्या) ओएनटीमधून, म्हणजे फायबर जिथे येऊन संपतो त्या खोक्यातून आलेली.

आधी कागद

प्रत्येक लाइनचा नंबर, तिच्यावर हंटिंग (एक लाइन बिझी असली की कॉल पुढच्या लाइनवर जाणं) आहे का, त्याचा पायलट म्हणजे मुख्य नंबर कोणता, कॉलर आयडी सुरू आहे का, एसटीडी-आयएसडी उघडं आहे का, हे लिहून काढा. मग मल्टिमीटर लावा. तांब्याच्या लाइनवर फोन ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसतात आणि उचलल्यावर ते दहाच्या आत येतात. ओएनटीच्या लाइनवर आकडा थोडा कमी दिसला तरी चालतं. लाइनवर खरखर असेल तर ती आधी कंपनीकडून काढून घ्या. नवीन मशीन लावल्यावर हीच खरखर तुमच्या नावावर जमा होते.

जुन्या ईपीएबीएक्समधून दोन गोष्टी उतरवून घ्या: कोणाचा एक्स्टेंशन नंबर काय आणि कॉल आला की कुठे-कुठे, किती वेळ वाजतो. मालक सांगतो तो क्रम आणि प्रत्यक्षात वाजतो तो क्रम यांत हमखास फरक सापडतो.

सामान

दोन एफएक्सओ आणि दोन एफएक्सएस पोर्ट असलेला पीबीएक्स पुरतो. ग्रँडस्ट्रीमचं यूसीएम ६३०२ याच मापाचं आहे. बाहेरची लाइन एफएक्सओमध्ये जाते आणि साधा फोन एफएक्सएसवर चालतो. ही अदलाबदल करू नका. एफएक्सएस स्वतः व्होल्टेज सोडतं, त्यात एक्स्चेंजची लाइन खोचली तर पोर्ट जळू शकतो.

नऊ आयपी फोन, १६ पोर्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा) स्विच, २४ पोर्टचा पॅच पॅनल (सगळ्या केबल जिथे येऊन जोडल्या जातात ती पट्टी), ६यू रॅक आणि कॅट-६ केबलचा ३०५ मीटरचा बॉक्स. ८०२.३एएफ पीओई दर पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतं आणि साधा फोन ३ ते ६ वॉट घेतो, त्यामुळे एकूण १२० वॉटचा स्विच आरामात पुरतो. फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टमधून कॉम्प्युटर जोडणार असाल तर तो पोर्ट गिगाबिट आहे ना ते बघून घ्या. स्वस्त मॉडेलमध्ये तो १०० एमबीपीएसचा असतो आणि मग "फोन लावल्यापासून टॅली हळू झालं" हे ऐकावं लागतं.

केबल घेताना कंजुषी नको. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट-६ म्हणून सर्रास विकली जाते. तारेवर ब्लेड घासा. आत पांढरी निघाली तर परत करा. पीओईला ती चालत नाही. लांब पल्ल्यावर व्होल्टेज पडतं आणि फोन मधूनच रीस्टार्ट होतो, तोही नेमका बेल आणि बॅकलाइट एकदम लागतात तेव्हा.

गेट १४० मीटरवर आहे आणि इथरनेटची मर्यादा १०० मीटर. तिथे आयपी फोनचा हट्ट धरायचाच नाही. जुनी टेलिफोनची जोडी धड आहे, ती एफएक्सएसवर आणा आणि वॉचमनला साधाच फोन द्या. दुसऱ्या एफएक्सएसवर गोदाम. जुनी वायरिंग उपटून फेकण्याची घाई करणारे नंतर याच दोन ठिकाणांसाठी भिंती फोडतात.

केबल टाकणं

सगळीकडे तारांच्या रंगांचा टी५६८बी हा एकच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा पंच करताना (पट्टीत दाबून बसवताना) जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका. विजेच्या पट्टीला समांतर जायची वेळ आली तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. पॅनल आणि टेबल दोन्हीकडे एकच नंबर लिहा. लॅन टेस्टरवर आठही दिवे लागल्याशिवाय फेसप्लेट बसवू नका.

तांब्याच्या लाइनला क्रोन मॉड्यूलवर सर्ज प्रोटेक्शनचं मॅगझिन (जादा व्होल्टेज अर्थिंगला सोडणारी पट्टी) लावा आणि त्याची वायर खऱ्या अर्थिंगला न्या. वळवाच्या विजांत एफएक्सओ पोर्ट जातात ते याच वाटेने. मॅगझिन लावलं पण अर्थिंग लोंबकळतंय, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं. तसं मॅगझिन नुसतं शोभेचं.

नेटवर्क

पीबीएक्सला कायमचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, आणि रूटरचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) १०० ते २०० याच पट्ट्यात ठेवा. फोनना डीएचसीपीनेच पत्ते मिळू द्या. पीबीएक्समध्ये रूटर मोड असेल तर तो बंद करा. नाहीतर एकाच नेटवर्कमध्ये दोन डीएचसीपी होतात आणि सकाळी अर्ध्या ऑफिसचं इंटरनेट गायब.

इतक्या थोड्या फोनना वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) लागतोच असं नाही. पण त्याच स्विचवर सीसीटीव्ही असेल तर करावा, कारण कॅमेऱ्यांचा लोंढा आला की आवाज तुटतो.

टाइमझोन पहिल्याच दिवशी लावा: ५:३० पुढे, आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) चालू. हे राहिलं तर सकाळी साडेनऊला उघडणारं ऑफिस मशीनच्या लेखी दुपारी तीनला उघडतं. तोवर गिऱ्हाईक "कार्यालय बंद आहे" ऐकत बसतं.

एक्स्टेंशन आणि डायलिंग

एक्स्टेंशन २०१ पासून द्या. १ ने सुरू केलेत तर १००, १०१, १०८, ११२ यांच्याशी गल्लत होते. ० आणि ९ नेही नकोत. दर एक्स्टेंशनला मशीनने तयार केलेला लांब पासवर्ड ठेवा. २०१ चा पासवर्ड २०१ ठेवलेली मशीनं शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात, आणि एक सापडलं की रातोरात परदेशी कॉलचं बिल चढतं. सिपचा (एसआयपी, आयपी फोनचे कॉल जोडायची पद्धत) ५०६० पोर्ट रूटरवर सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. घरून मोबाइल ॲपवर एक्स्टेंशन हवं असेल तर व्हीपीएनमधून द्या.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरच्या लाइनसाठी ० दाबायची सवय असते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबराआधी ० लागतो. म्हणजे सवयीचं शून्य आणि नियमाचं शून्य मिळून ०० होतात, आणि ०० म्हणजे आयएसडी. आयएसडी बंद केलेलं असलं की मोबाइल लागतच नाही आणि "नवीन मशीन बेकार" असा निकाल लागतो. उपाय सोपा आहे: बाहेरच्या लाइनसाठी कुठलाच आकडा ठेवू नका. आयपी फोनवर माणूस पूर्ण नंबर टाकून मग कॉल लावतो, त्यामुळे त्याची गरजही उरत नाही. नियम वरून खाली या क्रमाने लिहा:

१. ११२, १००, १०१, १०२, १०८: कुठल्याही एक्स्टेंशनवरून, वॉचमनच्यासुद्धा, कोणत्याही बंधनाशिवाय.
२. ०० ने सुरू होणारं सगळं: बंद. मालकाला हवं असेल तर फक्त त्याच्या एक्स्टेंशनला पिन लावून.
३. ० आणि पुढे दहा अंक: एसटीडी आणि मोबाइल, जसंच्या तसं पुढे.
४. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंक: मशीनने स्वतः पुढे ० लावावा.
५. आठ अंक: पुण्यातलाच लँडलाइन. नाशिकला हेच सात अंक होतात, कारण तिथला कोड ०२५३ असा एका अंकाने लांब आहे.

साध्या फोनवर नंबर संपला हे मशीनला कळत नाही, ते काही सेकंद वाट बघतं. वॉचमनला शेवटी # दाबायला शिकवा.

एफएक्सओ लाइन जुळवणं

इथे वेळ द्या. समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते आणि पुढचा कॉल बिझी जातो, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. मशीनला कॉल संपल्याचं कळवण्याचे तीन मार्ग असतात: लाइनची पोलॅरिटी उलटणं, करंट क्षणभर तुटणं, किंवा बिझी टोन. आधीचे दोन मिळत असतील तर उत्तम. ते लाइन देणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतं. नाही मिळाले तर बिझी टोन ओळखायला लावा: भारतात तो ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. टोनचा देश "भारत" निवडला की हे आकडे बहुधा आपोआप येतात. किती वेळा ऐकून तोडायचं, तिथे ३ ठेवा. १ ठेवलंत तर चालू बोलणंच कधीकधी तुटतं. तपासायला मोबाइलवरून कॉल करा, आयव्हीआर ("अमुकसाठी १ दाबा" सांगणारं रेकॉर्डिंग) ऐका, मोबाइल कापा आणि पोर्टचा दिवा किती सेकंदांनी विझतो ते बघा.

कॉलर आयडी काही लाइनवर डीटीएमएफने (बटणं दाबल्यावर येतात त्या टोनने) येतो, काहींवर एफएसकेने (मोडेमसारख्या टोनने). डीटीएमएफ पहिल्या रिंगच्या आधी येतो, एफएसके साधारणपणे पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये. मशीनने पहिल्याच रिंगला फोन उचलला तर एफएसकेवाला नंबर कधीच दिसणार नाही.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो ही तक्रार लाइन आणि पोर्टचा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा) न जुळल्याची. यूसीएममध्ये ते आपोआप मोजायची सोय आहे, लाइन मोकळी असताना चालवा. गेन वाढवून आवाज "मोठा" करायला गेलात तर प्रतिध्वनीही तितकाच वाढतो.

सिप ट्रंक घेतला तर

सिप ट्रंक म्हणजे टेलिफोनच्या तारेऐवजी नेटवर्कवरून येणारी बाहेरची लाइन. तो परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्या. जी.७११ कोडेकला (आवाज डिजिटल करायच्या पद्धतीला) एका कॉलमागे दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे चार कॉलना साधारण ३५०. पहिल्यांदा रूटरमधलं सिप एएलजी (सिपच्या पॅकेटमधले पत्ते बदलणारी सोय) बंद करा. मदतीच्या नावाखाली ते पॅकेट बिघडवतं.

पुढे लक्षणावरून कारण ओळखता येतं. एकाच बाजूचा आवाज येतो: नॅटमध्ये (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे ठेवण्याच्या सेटिंगमध्ये) बाहेरचा पत्ता किंवा आतलं नेटवर्क चुकीचं भरलंय. उचललेला कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटतो: कॉल उचलल्याची पोच समोर पोहोचत नाही, परत नॅट किंवा एएलजी. पंधरा मिनिटांनी कटतो: सेशन टायमर, म्हणजे कॉल अजून चालू आहे का याची ठरावीक वेळाने होणारी तपासणी. आणि पासवर्ड दुरुस्त करूनही फोन रजिस्टर होत नसेल, तर आधीच्या चुकीच्या प्रयत्नांमुळे त्याचा पत्ता मशीनने ब्लॉक केलेला असतो. ब्लॉकची यादी उघडून तो काढा.

बदली आणि वीज

आयव्हीआरचं रेकॉर्डिंग ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्हमध्ये द्या आणि पंधरा सेकंदांत संपवा. मराठी आधी, पर्याय तीनच. काहीच न दाबणारा रिसेप्शनला जावा, रिसेप्शनने पंधरा सेकंदांत न उचलल्यास सगळ्या टेबलांवर वाजावं.

दोन्ही लाइन एकदम हलवू नका. शनिवारी संध्याकाळी कमी कॉल येणारी लाइन नव्या मशीनवर घ्या, सोमवारचा दिवस बघा, मग दुसरी. लोकांना कॉल ट्रान्सफर हाताने करून दाखवा: आधी बोलून देणं आणि न बोलता ढकलणं यांतला फरक कळला नाही की कॉल हरवतात.

फोन, स्विच, पीबीएक्स, रूटर, ओएनटी मिळून साधारण १०० वॉट होतात. १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्यांचा १ केव्हीए यूपीएस त्यावर पाऊण तास धरा. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरच लागेल. वीज गेली की एफएक्सओ थेट एफएक्सएसला जोडणारी लाइफलाइन असेल, तर त्या पोर्टवर तांब्याचीच लाइन द्या. ओएनटी बंद पडल्यावर एफटीटीएचच्या लाइनवर डायल टोनच उरत नाही.