डेकेअरमध्ये एपिनेफ्रिन ठेवण्याचा कायदा कसा करून घ्यावा: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

अमेरिकेत ॲलर्जीबाबत शाळांसाठी बरेच कायदे झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्याने शाळांना एपिनेफ्रिनचा (ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात तातडीने टोचायच्या औषधाचा) साठा ठेवायला लावणाऱ्या राज्यांना अनुदानात झुकतं माप दिलं. पण दोन वर्षांचं मूल शाळेत नाही, डेकेअरमध्ये जातं. डेकेअरचा परवाना बहुतेक ठिकाणी शिक्षण खात्याकडे नसून वेगळ्याच खात्याकडे असतो. त्यामुळे ‘आमच्या राज्यात कायदा आहे’ असं कुणी सांगितलं तर तो शाळांपुरता आहे की डेकेअरलाही लागू होतो, हे आधी विचारा.

न्यूयॉर्कमध्ये ही उणीव भरून निघायला एका मुलाचा जीव जावा लागला. एलायजा सिल्व्हेरा तीन वर्षांचा होता. त्याला दुधाची ॲलर्जी असल्याचं हार्लेममधल्या डेकेअरला माहीत होतं, तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला चीज सँडविच दिलं गेलं. थॉमस आणि डीना या त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘एलायजाज लॉ’वर गव्हर्नरची सही झाली. ॲलर्जीची नोंद होती आणि तरीही हे घडलं, हे नीट लक्षात घ्या. फक्त ‘नोंदी ठेवाव्यात’ एवढंच सांगणारा कायदा कुणालाही वाचवत नाही.

आधी सध्याचे नियम काढून वाचा

परवाना कोण देतं ते राज्यागणिक बदलतं. न्यू जर्सीत मुलं आणि कुटुंबांचं खातं, कॅलिफोर्नियात समाजसेवा खातं, टेक्सासमध्ये आरोग्य आणि मानवी सेवा आयोग. त्या खात्याच्या संकेतस्थळावर डेकेअरची नियमावली असते. ती सगळी वाचायची गरज नाही. औषधांचा भाग काढा आणि तीनच गोष्टी बघा: औषध कोण देऊ शकतं, ते कुठे ठेवायचं, आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय देता येतं का.

मग केंद्रीय कायद्यांकडे वळा. सरकारी अनुदानावर मुलं घेणाऱ्या डेकेअरसाठी २०१४ च्या बालसंगोपन अनुदान कायद्याने राज्यांवर काही किमान अटी घातल्या आहेत. खाद्यपदार्थांच्या व इतर ॲलर्जींमुळे येणारं संकट टाळणं आणि आलंच तर तोंड देणं, हा विषय आणि त्याचं प्रशिक्षण त्या अटींत आहे. आमदारापुढे ठेवायला हा मुद्दा हुकमी आहे: ‘हे काम केंद्राने राज्याला आधीच सांगितलंय, आम्ही फक्त ते नीट लिहून मागतोय.’ सीडीसीने (रोग नियंत्रणाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने) २०१३ मध्ये शाळा आणि डेकेअर या दोन्हींसाठी ॲलर्जीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती ऐच्छिक आहेत, पण विधेयकाचा मसुदा करताना तिथला मजकूर सरळ वापरता येतो.

मुलाला ॲलर्जी आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तर नव्या कायद्याची वाट पाहत बसू नका. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा केंद्रीय कायदा खासगी डेकेअरला लागू आहे. धार्मिक संस्था चालवतात ती मात्र त्यातून वगळली आहेत. १९९७ मध्ये डेकेअरच्या एका मोठ्या साखळीने केंद्रीय न्याय खात्याशी केलेल्या समझोत्यात मुलांना एपिनेफ्रिन पेन देण्याचं मान्य केलं होतं. तेव्हा डॉक्टरांच्या सहीची आपत्कालीन योजना आणि मुलाच्या नावाचं औषध आजच डेकेअरला द्या. नवा कायदा हवा तो मुख्यतः ज्याची ॲलर्जी अजून कळलेलीच नाही अशा मुलासाठी. त्याच्या नावाचं औषध तिथे नसतंच.

विधेयकातली कलमं

बहुतेक पालकांची घसरगुंडी इथेच होते. सगळा जोर प्रसंग सांगण्यात जातो आणि मजकूर आमदाराच्या कार्यालयावर सोपवला जातो. तिथल्या मदतनिसाला डेकेअरच्या खोलीत काय चालतं याची कल्पना नसते. मसुदा तुम्हीच न्या. कच्चा असला तरी चालेल.

पहिली अडचण ‘ठेवू शकतात’ या शब्दांची. बऱ्याच राज्यांत डेकेअरला स्वतःचा साठा ठेवण्याची मुभा आहे, सक्ती नाही. मुभेने फारसं काही बदलत नाही, कारण त्या साठ्यासाठी प्रिस्क्रिप्शन कुणी द्यायचं हे ठरलेलं नसतं. म्हणून दोन्ही मागा: साठा बंधनकारक करा, आणि मुलाच्या नावाऐवजी संस्थेच्या नावाने प्रिस्क्रिप्शन देण्याची परवानगी डॉक्टरांना द्या. राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने सगळ्या डेकेअरसाठी एकच कायमचा आदेश काढला तर आणखी सोपं.

मात्रेचे आकडे कायद्यात घालू नका. आज ७.५ ते १५ किलोच्या मुलांसाठी ०.१ मिलिग्रॅमचा ऑटोइंजेक्टर (दाबला की ठरलेला डोस आपोआप टोचणारा पेन) आहे (त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली), १५ ते ३० किलोसाठी ०.१५ चा आणि त्यापुढे ०.३ चा. ०.१ चा मिळाला नाही तर तान्ह्या मुलांना ०.१५ चा देणारे डॉक्टरही आहेत. कायद्यात ‘०.१५’ असा आकडा गेला, तर बाळांच्या खोलीसाठी ०.१ चा घेणाऱ्या संचालिकेने नियम मोडल्याचं ठरेल. ‘मुलांच्या वजनानुसार, आरोग्य खात्याने ठरवलेल्या मात्रेत’ असं लिहा. संख्या मात्र लिहा: प्रत्येक मात्रेचे किमान दोन. पहिल्या डोसने आराम पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांत दुसरा लागू शकतो.

साधनाच्या व्याख्येतही हीच काळजी घ्या. जुन्या कायद्यांत ‘ऑटोइंजेक्टर’ एवढंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नाकात मारायच्या एपिनेफ्रिन स्प्रेला एफडीएची (औषधांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मान्यता मिळाली. मार्च २०२५ मध्ये त्याची १ मिलिग्रॅमची मात्रा ४ वर्षं आणि वरच्या, १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी मान्य झाली. डेकेअरमधली बरीचशी मुलं या वयात बसत नाहीत, पण प्री-के वर्गातली बसतात. ‘एफडीएने मान्य केलेलं एपिनेफ्रिन देण्याचं कोणतंही साधन’ अशी व्याख्या केली की दरवेळी दुरुस्ती विधेयक आणावं लागत नाही.

आता कुलूप. औषधं कुलपात ठेवा असा नियम डेकेअरमध्ये जागोजागी आढळतो, आणि खोकल्याच्या औषधासाठी तो योग्यच आहे. एपिनेफ्रिनला तोच लावला तर किल्ली संचालिकेकडे, संचालिका दुपारच्या बैठकीत आणि मूल खाली अंगणात, अशी गत होते. ‘मुलांच्या हाताला लागणार नाही पण कुलूप नसलेल्या जागी, साधारण खोलीच्या तापमानात’ असं स्पष्ट कलम हवं. हे औषध फ्रिजमध्ये ठेवत नाहीत आणि उन्हात तापलेल्या व्हॅनच्या कप्प्यातही टाकून ठेवत नाहीत. सहलीला ते शिक्षिकेच्या पिशवीतून न्यायचं, हेही लिहा.

प्रशिक्षण ‘कर्मचाऱ्यांना’ द्यावं, एवढं लिहून भागत नाही. सकाळी सातला दार उघडणारी आणि संध्याकाळी शेवटचं मूल सोपवणारी व्यक्ती बहुधा सगळ्यात नवीन असते. ‘मुलं असतील तोवर प्रत्येक वेळी किमान एक प्रशिक्षित व्यक्ती इमारतीत हजर’ असं कलम टाका. प्रशिक्षण वर्षातून एकदा आणि सरावाच्या पेनसह असावं. बाळ ‘घसा आवळतोय’ म्हणून सांगू शकत नाही. अंगावर गांध्या, लागोपाठ उलट्या, अचानक किरकिर, मग एकदम मलूल पडणं, आवाज बसणं, ही लक्षणं शिकवली पाहिजेत.

आणि क्रम कायद्यातच घाला: आधी एपिनेफ्रिन, लगेच ९११, मग पालकांना फोन. प्रत्यक्षात कर्मचारी पहिला फोन आईला लावतात, कारण परवानगीशिवाय काही केलं तर अंगाशी येईल ही भीती असते. कुणी आधी बेनाड्रिल हे ॲलर्जीचं साधं औषध पाजून वाट बघतं. त्याने गांध्या ओसरतात, पण श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. ही भीती घालवायची तर सद्हेतूने औषध देणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण देणारं कलम लागतं, अक्षम्य हलगर्जीपणाचा अपवाद ठेवून. कॅनडात ओंटारिओच्या ‘सॅब्रिनाज लॉ’मध्ये हे आहे. १३ वर्षांची सॅब्रिना शॅनन २००३ मध्ये शाळेतल्या जेवणानंतर दगावली, त्यानंतरचा हा कायदा १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. आधी परवानगी घेतलेली नसली तरी कर्मचाऱ्याने औषध द्यावं आणि त्यासाठी त्याच्यावर दावा होऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. ती शाळांसाठी आहे, पण नमुना म्हणून उत्तम.

आपल्या घरांशी जोडलेली एक बाब. तिळाला अमेरिकेत प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांच्या केंद्रीय यादीत स्थान मिळालं ते २०२१ च्या कायद्याने, आणि वेष्टनावर तो छापणं बंधनकारक झालं १ जानेवारी २०२३ पासून. डेकेअरचे जुने फॉर्म अजून आठच पदार्थ विचारतात. ज्यांच्या डब्यात तिळाची चटणी असते, त्यांनी विधेयकात ‘केंद्रीय यादीतले सर्व पदार्थ’ असं लिहून घ्यावं, पदार्थांची नावं मोजत बसू नये.

आमदार गाठणं

न्यू जर्सीत ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात एक सिनेटर व दोन असेंब्ली सदस्य, म्हणजे तुम्हाला तीन दारं आहेत. त्यातलं कुणी आरोग्य किंवा बालकल्याण समितीवर असेल तर तिथूनच सुरुवात करा. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षांत १४० दिवसच भरतं, आणि ६० व्या दिवसानंतर बहुतेक नवी विधेयकं घेत नाहीत. तिथे काम आदल्या उन्हाळ्यात सुरू करा, कारण नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर विधेयकं आगाऊ दाखल करता येतात. न्यूयॉर्कचं मुख्य अधिवेशन जानेवारी ते जून.

पहिली भेट मदतनिसाशी होते आणि खरं काम तोच करतो. त्याला कमी लेखू नका. सोबत एका पानाचं टिपण न्या: अडचण दोन ओळींत, सध्याच्या नियमाचा क्रमांक, हवी ती कलमं, दुसऱ्या राज्यातलं उदाहरण. शेवटी एकच प्रश्न विचारा, ‘तुम्ही हे विधेयक मांडाल का?’ ‘आम्ही लक्ष घालू’ हे उत्तर म्हणजे नकार नव्हे, पण होकारही नव्हे. दोन आठवड्यांनी ईमेल करा.

‘आपण एच-वन-बीवर, आपलं कोण ऐकणार’ असं मराठी कट्ट्यांवर नेहमी ऐकू येतं. मताचा हक्क नसला तरी मतदारसंघातला रहिवासी म्हणून भेट मागता येते, पत्र लिहिता येतं, समितीपुढे बोलता येतं. एक रेघ मात्र पक्की आहे: ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्याने कुठल्याही उमेदवाराला एक डॉलरही देणगी द्यायची नाही. निधीसंकलनाचं आमंत्रण आलं तर नम्रपणे टाळा. महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर विधेयकाच्या बाजूने मर्यादित प्रमाणात बोलू शकतं, उमेदवाराचा प्रचार करू शकत नाही. मंडळाच्या समितीत कुणाला हे माहीत नसेल तर आधी हिशेब तपासनिसाला विचारायला सांगा.

विरोध कुठून येईल

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात खरा विरोध घरगुती डेकेअर चालवणाऱ्या बायकांचा असतो. सहा मुलं सांभाळणारीला ही नवी झळ परवडत नाही. २०१६ मध्ये नामांकित पेनच्या जोडीची किंमत ६०० डॉलरच्या वर गेली होती. पुढे स्वस्त पर्याय आले, तरी मुदत वर्ष-दीड वर्षात संपते आणि पुन्हा खरेदी येते. त्यांना शत्रू समजू नका, विधेयक मांडायच्या आधीच भेटा. लहान घरगुती डेकेअरसाठी राज्याने साठा पुरवावा किंवा खर्च द्यावा अशी तरतूद केली की त्यांच्यातल्याच काहीजणी तुमच्या बाजूने बोलतात. मग राज्याच्या तिजोरीचा प्रश्न उभा राहतो. खर्चाचा अंदाज मोठा आला की विधेयक अर्थविषयक समितीत अडकतं, म्हणून परवानाधारक डेकेअरची संख्या खात्याकडून आधीच मागवून स्वतःचा हिशेब तयार ठेवा.

समितीपुढे

दोन-तीन मिनिटं मिळतात. लेखी प्रत आधी द्या आणि तोंडी तीच वाचून दाखवू नका. सरावाचा पेन घेऊन जा आणि करून दाखवा: निळी टोपी काढली, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यांवरूनच दाबलं, तीन सेकंद धरलं. ‘नर्स नसताना कुणालाही टोचायला कसं सांगता’ या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर नाही. तुमच्यासोबत एक बालरोगतज्ज्ञ आणि एक डेकेअर संचालिका असू द्या. तिसरा पालक आणण्यापेक्षा ते बरं.

सहीनंतरचं वर्ष

सही झाली की पालक पांगतात, आणि इथेच कायदा पातळ होतो. खातं नियम बनवतं, मसुदा जाहीर करतं, ठरावीक मुदतीत हरकती मागवतं. कुलूप, हजर व्यक्ती, दोन डोस या गोष्टी नियमांत उतरल्या का, ते ओळ न् ओळ तपासा आणि नसेल तर लेखी हरकत घ्या. नंतर निरीक्षकाची तपासणी यादी मागवा. एपिनेफ्रिनची मुदत त्या यादीत नसेल तर कुणी पेटी उघडून बघणार नाही, म्हणून ‘साठ्यावरील मुदतीची तारीख’ हा स्वतंत्र रकाना मागा. बऱ्याच राज्यांत डेकेअरचे तपासणी अहवाल संकेतस्थळावर पाहता येतात. सहा महिन्यांनी आपल्या भागातले दहा-बारा काढून तो रकाना भरलाय का बघा आणि जे दिसेल ते विधेयक मांडणाऱ्या आमदाराच्या कार्यालयाला पाठवा.